‘बाबांना काही सांगू नका’

रिपोर्ट हातात पडला की पुष्कळ घरांत पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. मुलगा किंवा मुलगी डॉक्टरांच्या खोलीत आधी शिरते, वडील बाहेर बाकावर बसून राहतात. ‘डॉक्टर, कॅन्सर म्हणू नका. साधी गाठ आहे म्हणा. ते हाय खातील.’ मग केमोची औषधे, गळणारे केस, वारंवार होणाऱ्या तपासण्या या सगळ्याला दुसरेच काहीतरी कारण सांगत राहावे लागते.

हे योग्य की अयोग्य, असा विषय निघाला की दोन उत्तरे तयार असतात. ‘आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो, घराचा असतो,’ हे एक. ‘पाश्चात्त्य देशांत रुग्णाला सरळ सांगतात, आपणच मागे आहोत,’ हे दुसरे. ही उत्तरे एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण दोन्हींत चूक एकच आहे. संस्कृतीचे नाव घेतले की नैतिक प्रश्न सुटला, असे दोन्हीकडे गृहीत धरलेले असते.

अमेरिकेचेच पाहू. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतील एका रुग्णालयाच्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. रुग्णाचा धीर खचेल, त्याची आशा संपेल, ही भीती तिथेही होतीच. तीच प्रश्नावली पुढे दुसऱ्या एका विद्यापीठ रुग्णालयातील डॉक्टरांना दिली गेली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे निघाले. अवघ्या अठरा वर्षांचे अंतर! एवढ्या काळात अमेरिकी माणसाचा पिंड बदलला असे कुणी म्हणणार नाही. दरम्यान उपचार सुधारले होते, कर्करोगाबद्दल उघड बोलले जाऊ लागले होते आणि रुग्णाच्या हक्कांची जाणीव वाढली होती. ‘तिकडची संस्कृती’ म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, ते तिथेही अलीकडचेच आहे.

१९९५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील ६५ वर्षांवरील ८०० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे का, असा प्रश्न त्यात होता. सांगावे असे मानणारे युरोपीय वंशाच्या अमेरिकी लोकांत ८७ टक्के, आफ्रिकी वंशाच्या लोकांत ८८ टक्के, मेक्सिकन वंशाच्यांत ६५ टक्के आणि कोरियन वंशाच्यांत ४७ टक्के होते. फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच आकडे उलट बाजूने वाचा. जवळजवळ निम्म्या कोरियन ज्येष्ठांना निदान सांगितले जावे असे वाटत होते. आडनाव पाहून ‘यांच्यात सांगत नाहीत’ असे ठरवणारा डॉक्टर साधारण दर दोन माणसांमागे एकाच्या बाबतीत चुकला असता. गटाची सरासरी समोरच्या माणसावर चिकटवणे ही अशा चर्चेतली बहुधा सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक.

दुसरी चूक जरा लपून बसते. ‘ते हाय खातील’ हे वाक्य मूल्य सांगणारे वाटते, पण तो वस्तुस्थितीबद्दलचा अंदाज आहे. वडिलांना त्रास होऊ नये, हे मुलाचेही म्हणणे असते आणि निदान सांगू पाहणाऱ्या डॉक्टरचेही. मूल्यावर दोघांचे एकमत आहे. त्रास कशाने होईल, एवढ्यावरच मतभेद. कर्करोग रुग्णालयाच्या पाटीखालून रोज आत जाणाऱ्या माणसाला काहीच कळत नसेल, असे मानणे तसे धाडसाचेच. त्याला कळले आणि घरात कुणी बोलेना, तर तो त्या भीतीसह एकटा पडतो. हा भाग मूल्यांचा वाद घालून सुटणार नाही. त्या माणसाकडे पाहून, त्याच्याशी बोलूनच तो कळेल.

आणि ‘आपल्याकडे असेच चालते’ हे खरे असले, तरी त्यातून ‘असेच चालावे’ हे निघत नाही. बालविवाहही चालत होते. शिवाय ‘आपल्याकडे’ म्हणजे कुणाकडे? बाकावर बसलेले वडीलही त्याच घरातले, त्याच संस्कृतीतले आहेत. त्यांचे मत कुणी घेतलेले नसते. हीच वेळ तुमच्यावर आली तर तुम्हाला सांगावे का, असे त्या मुलाला विचारून पाहावे.

याचा अर्थ प्रत्येकाच्या हातात निदान कोंबावे, असा नाही. ‘मला तपशील नको, माझ्या मुलीशी बोला’ असे म्हणणाऱ्या आजींनी स्वतःचा निर्णय घेतलेला असतो. तो मोडून त्यांना सगळे ऐकवणे हीसुद्धा जबरदस्तीच.

आपल्याकडचे नियम इथे थोडे मोघम आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने आजाराचे गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये, असे म्हटले. पण माहिती रुग्णाला की नातेवाइकांना, यावर ठाम बोट ठेवले नाही. उपचारांच्या संमतीबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. एका महिलेला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी आईची संमतीही चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

अवघड प्रश्न विचारण्याची सोपी वेळ बायोप्सीच्या आधीची असते. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नसते, म्हणून लपवायलाही काही नसते. ‘रिपोर्ट आल्यावर सगळे तुम्हालाच सांगू, की घरातल्या कुणाशी बोलू?’ एवढे डॉक्टरांनी रुग्णाला, शक्यतो त्याच्या मुलांसमोरच, विचारायचे आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवायचे.