गोष्ट कोणीं सांगावयाची?

मुलांस गोष्टी सांगण्याची हौस आमच्या घरोघरीं आहे. गोष्ट लिहावयास शिकविण्याची मात्र फारशी नाहीं. प्रतिभा उपजतच असावी लागते, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु प्रतिभा शिकवितां आली नाहीं, तरी पाहणें शिकवितां येतें. ना. सी. फडके यांनीं १९३१ सालीं 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध करून कथालेखनाच्या तंत्राची चर्चा मराठींत केली, त्यालाहि आतां नव्वदांहून अधिक वर्षें झालीं.

उदाहरणादाखल वर्धा जिल्ह्यांतील आर्वीचा कापसाचा बाजार घेऊं. समजा, एक शेतकरी बंडींत कापूस भरून आला आहे. शेजारीं त्याचा आठ वर्षांचा मुलगा बसला आहे. कापूस विकला कीं त्याला नवा सदरा मिळावयाचा आहे. व्यापारी कापसांत हात घालतो, ओलावा फार आहे म्हणतो आणि भाव उतरवितो. एवढाच प्रसंग.

हा प्रसंग आपल्या मुलास लिहावयास सांगितला, तर तो बहुधा लिहील, 'शेतकरी गरीब व भोळा होता. व्यापारी लबाड होता.' येथेंच गोष्ट संपली, कारण निकाल आधींच लागला. तीं विशेषणें खोडावीं आणि मुलास विचारावें: बोलतांना व्यापाऱ्याची नजर कोठें होती? भाव ऐकून शेतकऱ्यानें प्रथम काय केलें? वाद घातला, कीं मुकाट्यानें बैलाच्या पाठीवरून हात फिरविला? माणसाचा स्वभाव विशेषणांत राहत नाहीं, तो कृतींत दिसतो.

त्यानंतर तोच प्रसंग तिघांच्या तोंडून तीनदां लिहवून घ्यावा. शेतकरी सांगेल तेव्हां कर्जाचा हप्ता त्याच्या मनांत असेल. व्यापारी सांगेल तेव्हां कळेल कीं, मागच्याच आठवड्यांत ओला माल घेऊन त्याला खोट बसली होती. मुलगा सांगेल तेव्हां भावाचा अर्थ त्याला कळणारच नाहीं. परततांना बाबांनीं कापडाच्या दुकानापाशीं बंडी थांबविली नाहीं, एवढेंच तो पाहील. जें त्याला कळत नाहीं तें वाचकाला कळतें, आणि तेथेंच गोष्ट काळजाला भिडते. नियम एकच: सांगणाऱ्याला जें ठाऊक नाहीं, तें त्याच्या तोंडीं घालावयाचें नाहीं.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध केली, ती यमूच्या तोंडून. त्यामुळें घरांतील स्त्रीचें दुःख घरांतल्यांना आंतून दिसलें. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचें नांवच 'जेव्हा मी जात चोरली होती' असें आहे. त्यांतील 'मी' हा शब्द पुष्कळ कांहीं सांगतो. आमच्या पांढरपेशा गोष्टींतहि गडी येतो, मोलकरीण येते. पण तीं बहुधा दारांतून येतांना-जातांनाच दिसतात. त्यांच्या जागीं उभें राहिल्यास आमचें घर कसें दिसतें, हें आम्हीं क्वचितच लिहिलें.

तेव्हां येत्या सुटींत मुलाकडून घरांतलें एखादें भांडण लिहवून घ्या. मात्र ज्याच्यावर त्याचा राग आहे, त्याच्याच तोंडून. गोष्ट साधेल किंवा साधणार नाहीं. परंतु लिहितां लिहितां मूल थांबलें आणि 'आजीला त्या वेळीं काय वाटलें असेल?' असें विचारूं लागलें, तर शिकवणी फुकट गेली नाहीं, असें खुशाल समजावें.