बाराखडी, त्रिकोण आणि लूपमधील लूप

प्रोग्रॅमिंगच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात तारकांचा त्रिकोण छापण्याचा पाठ बहुधा असतोच. वरवर पाहता तो बालबोध वाटतो. परंतु लूपच्या पोटात लूप, म्हणजे ज्यास नेस्टेड लूप म्हणतात, ती कल्पना विद्यार्थ्याच्या मनात प्रथम रुजते ती या पाठातूनच. भाषेच्या अभ्यासकासही त्यात विचार करण्याजोगे काही आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकास या रचनेचा परिचय बाराखडीतून झालेलाच असतो. बाहेरचा लूप व्यंजनांचा, आतला स्वरचिन्हांचा. 'क' हाती घेतल्यावर आतले 12 टप्पे संपेपर्यंत बाहेरचा लूप थांबून राहतो. ते संपले की तो 'ख'कडे वळतो. ओळ कोठे मोडावयाची, हा येथील कळीचा प्रश्न होय. ओळ मोडण्याची आज्ञा आतल्या लूपच्या बाहेर, परंतु बाहेरच्या लूपच्या आत असावी लागते. ती आतल्या लूपमध्ये गेली तर प्रत्येक अक्षर स्वतंत्र ओळीवर पडते. दोहोंच्या बाहेर गेली तर सारी बाराखडी एकाच ओळीत येते.

'क' ते 'म' ही 25 स्पर्श व्यंजने घेतल्यास 25 × 12 = 300 अक्षरे मिळावयास हवीत. तथापि व्यंजनांची यादी न देता युनिकोडमधील क्रमांकांवरून 'क'पासून 'म'पर्यंत लूप फिरविल्यास ओळी 26 होतात. कारण 'न' आणि 'प' यांच्यामध्ये 'ऩ' या चिन्हास स्थान दिलेले आहे. ते द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लेखनासाठी असून मराठी वर्णमालेत नाही. स्वरचिन्हांच्या यादीतील पहिले घरही ध्यानात घेण्यासारखे आहे. 'क' या चिन्हात अकार गृहीत असल्यामुळे ते घर रिक्तच ठेवावे लागते. व्याकरणातील शून्य प्रत्ययाशी हे ताडून पाहता येईल.

बाराखडीत आतल्या लूपची मर्यादा स्थिर असते. त्रिकोणात ती बाहेरच्या लूपवर अवलंबून असते. पहिल्या ओळीत एक तारका, दुसऱ्या ओळीत दोन, याप्रमाणे पाच ओळींत एकूण 15 तारका होतात. मनोरा छापावयाचा असल्यास बाहेरच्या एका लूपमध्ये आतले लूप दोन लागतात, एक रिकाम्या जागांचा आणि दुसरा तारकांचा. पाच ओळींच्या मनोऱ्यात तिसऱ्या ओळीत आधी 2 जागा व नंतर 5 तारका येतात.

आता तारकांऐवजी 'विद्या' हा शब्द घेऊन, प्रत्येक ओळीत एकेक अक्षर वाढवीत त्रिकोण छापावा, असे समजू. अपेक्षित ओळी दोनच आहेत:

वि
विद्या

पायथनसारख्या भाषेत शब्दाची लांबी मोजून हा लूप चालविल्यास मात्र पुढील सहा ओळी उमटतात:

व
वि
विद
विद्
विद्य
विद्या

लूपची रचना येथे निर्दोष आहे. दोष आहे तो एककाच्या निवडीत. यंत्र व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्तचिन्ह, य आणि काना अशी सहा सांकेतिक चिन्हे मोजते; वाचक दोन अक्षरे मोजतो. रोमन लिपीतील साध्या इंग्रजी शब्दांत चिन्ह आणि अक्षर यांत असा भेद सहसा पडत नाही, म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत हा प्रश्न उद्भवतच नाही. युनिकोडच्या अक्षरविभाजनाच्या नियमांनाही ही अडचण होती. जुन्या सामान्य नियमानुसार 'विद्या'चे वि, द्, या असे तीन भाग पडत. 2023 साली आलेल्या 15.1 या आवृत्तीपासून देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम त्यात समाविष्ट झाला. तो पाळणाऱ्या साधनाने प्रथम शब्दाचे अक्षरांत विभाजन करावे, त्या अक्षरांची यादी करावी आणि मग त्या यादीवर लूप चालवावा. म्हणजे अपेक्षित दोनच ओळी मिळतात.

आतल्या लूपने काय मोजावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते. शब्दसूची, वर्णानुक्रम किंवा छंदोगणना यांसाठी मराठी मजकूर यंत्राकडे सोपविणाऱ्या संशोधकाने हा निर्णय आधी घ्यावा. अन्यथा मोजणी बिनचूक होऊनही तिचा निष्कर्ष चुकीचा ठरेल.