दोर ओढल्यावर

बोल्टच्या आजूबाजूचा कातळ आधी हातोडीने हलकेच वाजवून बघतात. आवाज ठणठणीत आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर जागा बदलायची. आमचा लीडर दगडावर कान टेकवूनच बसला होता. त्याच्या पाठीमागे दोन हातांवर नाळ संपत होती, पाणी कडेवरून दिसेनासं होत होतं, आणि तेरा जणांच्या तोंडची बडबड आपोआप बंद पडली होती.

साम्रद ते घाटघर या पट्ट्यात घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या अशा बऱ्याच नाळा आहेत. ही नेमकी कोणती, ते मी लिहीत नाही. शेजारच्या सांदण दरीचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ असं प्रत्येक जाहिरातीत छापून येतं, पहिली कोणती ते मात्र कुणी सांगत नाही. सुट्टीच्या दिवशी सांदणच्या पहिल्या रॅपलपाशी रेशनच्या दुकानासारखी रांग लागते.

दिवाळी उलटून गेली होती. पावसाळ्यात या नाळेत पाऊल टाकण्याचा प्रश्नच नाही. वर डोंगरात सर आली की खालच्या अरुंद जागेत पाणी काही मिनिटांत चढतं आणि दोन्ही बाजूंना भिंती असतात, पळणार कुठे? आता मांडीएवढ्या कुंडांमधून झुळझुळ वाहणारं, दातखीळ बसवणारं पाणी उरलं होतं. वरचे तीन-चार पॅच गमतीत गेले. बसून घसरायचं, एका ठिकाणच्या खोल कुंडात उडी मारायची, दोन ठिकाणी छोटं रॅपल. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मोठा पॅच सुमारे १८० फुटांचा. रॅपलिंग पुष्कळ जणांनी केलेलं असतं. कड्यावरून उतरायचं, मागच्या वाटेने परत वर यायचं, वडापाव खायचा. नाळेतून उतरण्यात, म्हणजे कॅनियनिंगमध्ये, तसं नसतं. शेवटचा माणूस खाली आला की दोर खालून ओढून घ्यायचा, कारण पुढच्या पॅचला तोच लागतो. एकदा दोर ओढला की वर जायचा रस्ता संपला. पुढे काहीही असो, कोकणात उतरूनच बाहेर पडायचं. त्यामुळे दोर ओढण्याआधी सगळा विचार करून झालेला असावा लागतो, आणि तो विचार म्हणजे मुख्यतः गाठी.

दोन बोल्ट होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. एक दगा देईल हे गृहीत धरून दुसरा. दोन्हींवर भार सारखा पडेल अशी पट्टी लावली, तिच्यात पोलादी रिंग. साठ मीटरचा दोर रिंगेतून सोडला आणि सध्यापुरता असा बांधला, की कुणी मध्ये अडकलं तर भार असतानाही वरून दोर ढिला करता यावा. केस, टी-शर्टची कड, हेल्मेटचा पट्टा, काहीही डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या साधनात, ओढलं जाऊन माणूस मध्येच लटकू शकतो. वरून पाणी कोसळत असताना असं लटकणं म्हणजे थंडीने काही मिनिटांत हात निकामी. म्हणून दोराची ओळ धारेपासून बाजूला घेतली होती. खाली टोक पाण्याला जेमतेम टेकेल एवढंच सोडायचं. जास्तीचा दोर कुंडात तरंगत राहिला तर उतरणाऱ्याच्या पायात गुंततो.

आधी सगळ्यात अनुभवी गडी उतरला. दोर पुरतो का, खाली दगड कसा आहे, हे त्याने बघायचं. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, त्यामुळे सगळं शिट्टीवर चालतं. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे दोर सोडा, तीन म्हणजे वर घ्या, चार म्हणजे दोर मोकळा. चार शिट्ट्या आल्या तेव्हा दुसरा माणूस जोडून तयार होता. एकेकाला दहा मिनिटं धरली तरी दोन तास. ज्यांना भीती वाटते त्यांना मधल्या नंबरवर ठेवतात. शेवटी ठेवलं तर इतका वेळ कड्याकडे बघत बसून माणूस आतून खचतो.

माझ्या पुढे एक ताई होत्या. बँकेत नोकरी, सकाळपासून शाखेतले किस्से सांगून आम्हाला हसवत आलेल्या. आता एकदम गप्प. लीडर म्हणाला, “ताई, खाली बघू नका असं मी म्हणणार नाही. एकदा नीट बघून घ्या. मग फक्त दोराकडे बघा.” त्यांनी खरंच बघितलं. मग सगळा भार दोरावर टाकला, आणि तो धरतोय याची खात्री झाल्यावरच सेफ्टीची पट्टी काढली. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही.

खरी परीक्षा पहिल्या चार फुटांत. शरीर ताठ उभं राहू पाहतं, कारण उभं राहण्यात सुरक्षितता आहे असं त्याला जन्मभर वाटत आलेलं असतं. इथे उभं राहिलात की पाय सटकून तोंड कातळावर. मागे झुकून पोकळीत बसावं लागतं, तळवे भिंतीला सपाट लावून.

माझी पाळी आली तेव्हा पहिली अडचण निघाली ती वेगळीच. खाली जाताच येईना. दहा मिलिमीटरचा दोर मीटरला सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो. खाली पंचावन्न मीटर लोंबत असले की जवळजवळ चार किलो, भिजल्यावर आणखी. हे वजनच ब्रेकचं काम करतं. वरच्या टप्प्यात दोर हाताने उचलून डिसेंडरमध्ये अक्षरशः भरवावा लागतो. जसजसे खाली जाल तसतसं खालचं वजन कमी होतं आणि दोर पळू लागतो. नवखा माणूस वर जोर लावून लावून दमलेला असतो, आणि नेमकी शेवटी घट्ट पकड लागते.

तीसेक फुटांवर भिंत पायाखालून निघून गेली. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलाय, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास. थर सारखे कठीण नाहीत. खालचा मऊ थर पाणी आधी पोखरतं, वरचा ओठासारखा पुढे राहतो. त्यामुळे इथल्या धबधब्यांत माणूस मध्येच अधांतरी लटकतो. आठच्या आकाराच्या डिसेंडरने दोराला पीळही बसतो, म्हणजे लटकता लटकता फिरायचं. एकदा कातळ, एकदा कोकण, पुन्हा कातळ. मी डोळे उजव्या हातावर ठेवले. खालचा जोडीदार दोराचं टोक धरून उभा होता. माझा हात सुटला असता तर त्याने दोर खेचताच मी जागीच अडकलो असतो. हे पाठ होतं, तरी तोंड कोरडंच पडलं.

पाणी कमरेपर्यंत लागलं. दोर सोडवला, चार शिट्ट्या.

शेवटी लीडर उरला. त्याने वरची बांधणी बदलली. दोराची गाठ रिंगेला अलीकडून अडेल अशी ठेवली आणि गाठीच्या बाजूने सहा मिलिमीटरची पातळ दोरी खाली सोडली. आता वरून मदत करायला कुणी नव्हतं. तो उतरून आला, तेव्हा सगळे कुंडाच्या कडेला भिंतीला चिकटून उभे राहिले, कारण दोर येताना सुटे दगडही घेऊन येतो. दोघांनी दोरी ओढली. गाठ रिंगेपासून सुटली, दोर सरकू लागला आणि सळसळत खाली कोसळला.

ताई तोवर पुन्हा बोलायला लागल्या होत्या. पुढे दोन छोटे पॅच आणि खालच्या डेहणे गावापर्यंतची रानातली पायपीट बाकी होती. ज्यांच्या गाड्या साम्रदला होत्या त्यांना दुसऱ्या दिवशी करोली घाट चढायचा होता. लीडरने घाई केली नाही. तो ओला दोर बोटांमधून फूट फूट सरकवत गेला. टोकापासून पंधराएक मीटरवर थांबला. जिथे ओठाच्या कडेवर दोर घासला होता तिथे वरचं आवरण पिंजलं होतं. त्याने खिशातून लाल टेप काढून ती जागा गुंडाळली. घरी गेल्यावर दोर तिथे कापायचा. मोठा तुकडा सांदणला चालेल, या पॅचला आता नवा घ्यावा लागणार, आणि त्याचे पैसे कुणाकडून किती काढायचे यावर डेहणे येईपर्यंत वाद चालला.