अणुस्फोटाची धूळ आणि तिचा माग

गेल्या आषाढात वर्ग चालू असता एका विद्यार्थ्याने खिडकीबाहेरच्या सरी पाहत आम्हांस विचारले, "गुरुजी, दूर कोठे अणुबाँब फुटला, तर त्याची राख आपल्या पावसातून पडते का?" आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर, दोन दिवसांची मुदत मागून घेतली. ग्रंथ चाळून जे हाती लागले ते येथे देत आहो.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तेथून सुमारे दीडशे किलोमीटरांवर जपानी कोळ्यांची एक नौका मासेमारी करीत होती. काही तासांनी तिच्यावर पांढरी भुकटी पडू लागली. ती प्रवाळाची राख होती. नौकेवरील २३ जण आजारी पडले व त्यांतील एक त्याच सप्टेंबरात मरण पावला. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याची मागणी केली, तिची ही पार्श्वभूमी.

ही राख जड होती म्हणून जवळच पडली. बारीक कणांची गोष्ट निराळी. आमचे बालपण समुद्रकाठी, कोकणी बोलणाऱ्या घरात गेले. तेथील पाऊस वैनगंगेच्या खोऱ्यात यावयास काही दिवस लागतात, हे बालाघाटास आल्यावर कळले. वाऱ्याचे सामान असेच मजल दरमजल चालते. ढगांच्या थरात राहिलेली धूळ दोन-तीन आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालते आणि वाटेत पाऊस तिला धुऊन खाली आणतो. मोठ्या बाँबची धूळ मात्र ढगांच्याही वर, स्थितांबरात जाते. तेथे पाऊस नाही. म्हणून ती वर्ष-दोन वर्षे तरंगते व हळूहळू उतरते. उत्तर गोलार्धात ती वसंत ऋतूत अधिक उतरे.

मग माग कसा काढावयाचा? तुर्भ्याच्या अणुशक्ति-संस्थेने त्या काळी नागपुरासारख्या निरनिराळ्या ठिकाणी हवेचे नमुने घेण्याची व्यवस्था केली. पंपाने हवा गाळणकागदातून ओढावयाची व कागदावर बसलेल्या धुळीचा किरणोत्सर्ग मोजावयाचा. यात एक मौज आहे. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूमुळे ताजा कागद आपोआपच किरणोत्सर्गी असतो! म्हणून तो काही दिवस तसाच ठेवतात. नैसर्गिक अंश विझतो आणि उरतो तो बहुतांशी बाँबचा.

धुळीचे वयही काढता येते. एका ताटात कापूर व चंदन एकाच वेळी ठेवले, तर चंदनाच्या मानाने कापूर किती उरला यावरून ताट केव्हा मांडले ते ओळखता येईल. स्ट्राँशियम-८९ सुमारे ५० दिवसांत निम्मे होते, तर त्याचे भावंड स्ट्राँशियम-९० निम्मे व्हावयास सुमारे २९ वर्षे लागतात. दोन्ही एकाच स्फोटात जन्मतात. त्यांचे प्रमाण मोजले की स्फोटाचा काळ कळतो आणि वाऱ्यांचे नकाशे उलट वाचीत गेले की दिशा कळते.

चीनची चाचणीभूमी लोप नोर हिमालयापलीकडे आहे, म्हणून तेथील धूळ थेट आपल्याकडे येईल असे वाटते. पण त्या अक्षांशांत वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ती आधी जपान व अमेरिका गाठी. सप्टेंबर १९७६ मधील चाचणीनंतर काही दिवसांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जोराचा पाऊस झाला आणि तेथील गाईंच्या दुधात किरणोत्सर्गी आयोडीन सापडले. गवतावरून गाईत, गाईतून दुधात, दुधातून लेकरांत! स्ट्राँशियमचेही तसेच, ते कॅल्शियमसारखे असल्याने वाढत्या हाडांत शिरते. आयांना धास्ती वाटली ती उगीच नव्हे.

१९६३ च्या मॉस्को कराराने उघड्यावरच्या चाचण्यांस बंदी घातली. भारताने त्यावर ८ ऑगस्टला सही केली. फ्रान्स व चीन त्यात आले नाहीत. हवेतील शेवटची चाचणी चीनने १६ ऑक्टोबर १९८० रोजी केली.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास उत्तर असे: पडत होती, आता जमिनीत तिचा अल्प अवशेष आहे. त्या वेळच्या स्ट्राँशियम-९० चा जेमतेम चवथा हिस्सा आज शिल्लक असेल. झाडांनीही तो काळ नोंदवून ठेवला आहे. स्फोटांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ ठाण्याच्या सागाच्या वलयांत शास्त्रज्ञांनी वर्षवार मोजला. आपल्या जिल्ह्यातील तेवढ्या वयाच्या सागातही तो असणारच.

हे ऐकून दोघे विद्यार्थी लाकडाच्या वखारीत एका जुन्या ओंडक्याची वलये मोजून आले. दोघांच्या मोजणीत एका वलयाचा फरक पडला, तो वाद अद्याप चालू आहे.