चंद्रोदय किती वाजता?

संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार, हे बघायला पूर्वी भिंतीवरचं कालनिर्णय पुरायचं. १९७३ पासून ते घरोघरी आहे. मी एका दैनिकाच्या वेब डेस्कवर रुजू झालो, तेव्हा हाच प्रश्न पुढे आमच्या पोटापाण्याचा होईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हाचं दुखणं वेगळंच होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण मराठी दैनिकं आपापले फॉन्ट वापरत. पडद्यावर अक्षर मराठी, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. एकदा अग्रलेख कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर एक शब्द वाचता येईना. शोधयंत्राला आमचा पेपर असाच दिसत होता. म्हणजे शोधणाऱ्याच्या लेखी आम्ही नव्हतोच. त्या वर्षांतला आमचा बराच मजकूर आजही कुणाला सापडत नाही.

युनिकोड रुळलं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलला मराठीत तोंडी विचारता येऊ लागलं. टाइप करणारे मात्र रोमन लिपीतच 'संकष्टी चंद्रोदय टाइम टुडे' असं लिहीत. मग आम्हीही ते शब्द पानात कुठंतरी खुपसू लागलो.

दर महिन्याला मथळा ठरलेला: 'आज संकष्टी चतुर्थी, जाणून घ्या तुमच्या शहरातील चंद्रोदयाची वेळ'. वेळ सहाव्या परिच्छेदात. त्याआधी व्रताचं महत्त्व, पूजाविधी, मधे दोन जाहिराती. नागपूरला चंद्र मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी उगवतो, म्हणून खाली शहरांचा तक्ता. पुढे शहरागणिक वेगळं पान केलं. ती कल्पना माझीच. दिवसभराच्या उपाशी माणसाला सहा परिच्छेद खाली सरकायला लावायचं, याची तेव्हा लाज वाटली नाही; आकडे चढत होते. आणि खरं सांगायचं तर त्याच जाहिरातींच्या पैशांतून जिल्ह्याच्या बातमीदाराचं एसटीचं भाडं निघायचं. पाणीटंचाईची बातमी चंद्रोदयाच्या जिवावर चालायची.

मग उत्तर शोधाच्या पानावरच, सगळ्यात वर दिसू लागलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गूगलचे एआय सारांश भारतात इंग्रजी आणि हिंदीत आले. उत्तर वरच मिळालं तर खाली कोण उतरणार? वाचकाला दोष देता येत नाही, त्याला वेळच हवी होती, ती आम्हीच दडवून ठेवली होती. प्रश्न उरतो तो एसटीच्या भाड्याचा. टँकर आला की नाही हे बघायला कुणीतरी गावात जावं लागतं.

मागच्या संकष्टीला आईनं फोनलाच विचारलं. फोननं सांगितलेली वेळ बरोबर होती. ती कुणाच्या तक्त्यातली, हे तिला विचारलं नाही. ताट वाढलेलं होतं.