रुग्णाच्याच पेशींतून औषध : डॉ. राहुल पुरवार यांचे कर्करोग-संशोधन

कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार हे तीन मार्ग सर्वसामान्य जनतेस परिचित आहेत. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीलाच रोगाविरुद्ध उभे करणे हा चौथा मार्ग होय. या मार्गावरील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत गाठला गेला असून, त्यात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. राहुल पुरवार यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

संशोधनाची वाटचाल

डॉ. पुरवार यांनी जर्मनीतील हॅनोव्हर वैद्यकीय विद्यापीठातून पीएच.डी. संपादन केली व पुढे अमेरिकेत हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन केले. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या पेशींचा एक विशिष्ट प्रकार त्वचेच्या कर्करोगाची वाढ रोखतो, असे उंदरांवरील प्रयोगांतून दाखविणारा त्यांचा निबंध २०१२ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१३ साली ते पवईच्या संस्थेत रुजू झाले.

टी-पेशींत नवे जनुक घालून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखावयास लावण्याची कल्पना इस्रायलमधील शास्त्रज्ञ झेलिग एश्हार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रयोगाने मांडली होती. अमेरिकेत या ‘कार-टी’ उपचारास २०१७ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. तथापि परदेशातील या उपचाराचा खर्च तीन ते चार कोटी रुपयांच्या घरात जाई. तो येथेच सिद्ध करावयाचा, असा निश्चय डॉ. पुरवार यांनी केला. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांचे त्यांना सहकार्य लाभले, तर केंद्र शासनाच्या राष्ट्रीय जैवऔषध अभियानातून सुमारे १९ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर झाले.

उपचाराची पद्धत

प्रथम रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढल्या जातात. रोग उत्पन्न करण्याची शक्ती काढून घेतलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक पोहोचविले जाते. त्यामुळे या पेशी कर्करोगग्रस्त बी-पेशींवरील ‘सीडी-१९’ ही खूण ओळखू लागतात. प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवून त्या शिरेवाटे रुग्णाच्या शरीरात परत सोडल्या जातात. ही खूण ओळखणारा घटक मुळात उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला असतो. पवईच्या संशोधकांनी त्यात बदल करून तो मानवी प्रथिनाच्या जवळ आणला, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

खारघर येथील टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेत ४ जून २०२१ रोजी देशातील पहिला असा उपचार झाला. ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला.

लाभ आणि मर्यादा

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या निष्कर्षांनुसार, परिणाम तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना उपचार लागू पडला. हे सर्व रुग्ण असे होते की, ज्यांचा रोग अन्य उपचारांना दाद देत नव्हता किंवा पुन्हा उलटला होता. मात्र हा उपचार प्रत्येक कर्करोगावर नाही. बी-पेशींपासून होणाऱ्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांपुरताच तो आहे. तीव्र ताप, रक्तदाब उतरणे असे गंभीर विकार उद्भवू शकत असल्याने तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच घ्यावा लागतो. काही रुग्णांत रोग पुन्हा डोके वर काढतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

राष्ट्रार्पणाच्या वेळी या उपचाराचा खर्च सुमारे ३० ते ४० लाख रुपये, म्हणजे परदेशातील खर्चाच्या जवळपास एक-दशांश, सांगण्यात आला. तरीही कुटुंब लातूरचे असो वा वडोद्याच्या कारेलीबागेतील, एवढी रक्कम उभी करणे सामान्य मिळकतीत दुरापास्तच आहे. औषध देशात तयार झाले, आता ते सामान्य रुग्णाच्या हाती पडले पाहिजे. खर्च आणखी खाली आणणे हे यापुढील कार्य होय. ते सिद्धीस गेले म्हणजेच पवई-खारघरच्या या परिश्रमांचे खरे चीज होईल.