बॉस, हवा किती मारू?

पंपावरच्या पोऱ्याचा हा प्रश्न आणि आपलं ठरलेलं उत्तर, 'टाक ३५ सगळीकडे!' ३५च का? कारण बाबा तेवढीच टाकायचे. हॅचबॅकमध्ये ते कसंबसं खपून जातं. पण हल्ली आपल्या ग्रुपमध्ये पिकअपचं वेड शिरलंय. कुणी इसुझूची व्ही-क्रॉस घेतो, कुणी टोयोटाच्या हायलक्सची स्वप्नं बघतो आणि ज्याचं गावी आंब्याचं कलम आहे तो बोलेरो पिकअपचे हप्ते भरतो. तिथे मात्र 'सगळीकडे ३५' हा फंडा पार फसतो. मला हे कळलं ते मे महिन्यात, मालवणला मामाच्या अंगणात.

मामाची पिकअप हापूस भरून वाशीला निघाली होती. पेट्या रचून झाल्या आणि बघतो तर मागचे टायर चक्क बसलेले. मी म्हटलं, मामा, हवा? तर म्हणाला, "हवा कमी ठेवलंय रे झिला. आंबो आपटूक नको."

आता हसू नका. मामाचं लॉजिक अगदीच चुकीचं नाही. टायर दगडासारखा कडक असला की खड्ड्याचा दणका थेट हौद्यात पोचतो आणि सर्वात खालच्या पेटीतला आंबा मार खातो. वाशीत पेटी उघडल्यावर फळ मऊ निघालं की भाव पडलाच. वर्षभराची मेहनत त्या दोन-अडीच महिन्यांत वसूल करायची असते, त्यामुळे टायरपेक्षा आंबा प्यारा! प्रॉब्लेम इतकाच, की कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कडेला दबतो आणि पुन्हा सुटतो. एका मिनिटात शेकडो वेळा. त्या मळण्याने रबर आतून तापतं. वर टनभर वजन, खाली मे महिन्याचं डांबर आणि पुढे ५०० किलोमीटरच्या आसपास रस्ता. असा टायर फुटला तर आंबा आपटणारच, आणि सोबत ड्रायव्हरही.

हाच घोळ अमेरिकेत भल्याभल्यांनी घातलाय. फोर्डची एक्सप्लोरर ही एसयूव्ही मुळात रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली. फोर्डने तिच्यासाठी २६ पीएसआय सांगितलं होतं, टायरवाली फायरस्टोन कंपनी म्हणत होती ३० हवं. टायरमध्ये दोष होतेच, त्यात हवा कमी, भार जास्त, ऊन आणि स्पीड. टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटायला लागल्या, माणसं गेली आणि ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनला लाखो टायर परत मागवावे लागले. आज डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा जो दिवा लागतो ना, तो तिथे सक्तीचा झाला त्याच प्रकरणानंतर. आपल्याकडेही समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि टायर फुटल्याच्या बातम्या पाठोपाठ आल्या.

मग बरोबर आकडा कुठे सापडतो? टायरवर नाही! टायरच्या कडेला कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. आकडा असतो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये. पुढच्या टायरचा वेगळा, मागच्याचा वेगळा आणि पिकअपला बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. मामाच्या स्टिकरवर मागच्या चाकांचा आकडा पुढच्यापेक्षा बराच मोठा होता. फक्त त्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलेलं होतं.

हा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली. पंप लांब असेल तर घरीच साध्या गेजने मोजायचं, किती कमी आहे ते लक्षात ठेवायचं आणि पंपावर तेवढीच वाढवायची. चालून चालून टायर तापला की हवा आपोआप वाढते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय. जेवायला थांबल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून कुणी हवा सोडायला लागलं तर त्याचा हात धरा. रात्री टायर थंड झाला की तो थेट कमी हवेचा टायर होतो.

यापुढची गंमत जाणकार लोक करतात. थंड असताना मोजायचं, तासभर हायवेला चालवून पुन्हा मोजायचं. ४ ते ६ पीएसआय वाढले तर ठीक. त्याहून जास्त वाढले तर सुरुवातीला हवा कमी होती किंवा माल जास्त. दुसरा उपाय खडूचा. टायरवर आडवी जाड रेघ ओढा आणि सरळ रस्त्यावर थोडी गाडी चालवा. रेघ मधे आधी पुसली तर हवा जास्त, कडांना आधी पुसली तर कमी.

आणि परतीचा प्रवास? तो सगळे विसरतात. माल उतरला तरी मागे भरल्या गाडीचीच हवा. मग रिकामा हौदा चेंडूसारखा उडतो, मागची चाकं रस्ता नीट धरत नाहीत आणि पावसात घाट उतरताना ब्रेक दाबला की शेपूट हलते. माल खाली केला की टायर थंड होऊ द्यायचे, मग हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणायची. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

मामाने शेवटी हवा स्टिकरप्रमाणे भरली आणि आंब्यासाठी पेट्यांत पेंढा वाढवला, हौद्यात खाली जुन्या गाद्या टाकल्या. पहाटे गेज खिशात घालता घालता मला विचारतो, "आणि तुझ्या गाडयेत किती आसा रे?"

मी दार उघडून स्टिकर शोधायला लागलो.